लाल ठिपका आणि सभेची सीमा

कामाची ऑनलाइन मीटिंग रेकॉर्ड करायच्या दोन वाटा आहेत. एक वाट मीटिंगच्या सॉफ्टवेअरमधूनच जाते. झूम, गूगल मीट किंवा टीम्समध्ये कोणी रेकॉर्डिंगचे बटण दाबले की सगळ्यांच्या पडद्यावर लाल ठिपका किंवा तशी खूण दिसते आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्याची सूचना मिळते. दुसरी वाट बाहेरून जाते. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला किंवा ब्राउझरला एखादे एक्स्टेन्शन जोडले, की पडद्यावर जे दिसते आणि स्पीकरमधून जे ऐकू येते ते सगळे एका फाइलमध्ये उतरते. मीटिंगच्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता नसतो आणि समोरच्या माणसांनाही नसतो. ब्राउझर अशा वेळी परवानगी मागतो खरा. कोणती खिडकी, कोणता टॅब, आवाजासकट की आवाजाशिवाय, हे तो विचारतो. पण ही परवानगी तो फक्त लॅपटॉपसमोर बसलेल्याकडे मागतो. ज्यांचे चेहरे आणि आवाज टिपले जाणार त्यांना काहीच विचारले जात नाही. यंत्र माझे, पडदा माझा, म्हणून पडद्यावर आलेला तुमचा शब्दही माझा, असे एक गृहीत त्या छोट्या चौकटीत दडलेले आहे. त्याची कायदेशीर बाजू वकील पाहतील. मला त्यातला जुना प्रश्न महत्त्वाचा वाटतो: सभा कशाने बनते, सभेत उच्चारलेल्या शब्दावर कोणाचा हक्क असतो आणि साक्षी कोणाला म्हणायचे? माझे म्हणणे असे, की सभेला सीमा असते आणि आपले बोलणे कोणापर्यंत पोचते आहे हे सीमेच्या आतल्या प्रत्येकाला ठाऊक असणे हाच सभेचा पाया आहे. रेकॉर्डिंग त्या सीमेच्या आत एक न दिसणारा श्रोता आणून बसवते. त्याला आत घ्यायचे की नाही हे सभेने ठरवायचे असते. एकट्यादुकट्याने परस्पर ठरवायची ही गोष्ट नाही.

हा प्रश्न जुन्नर आणि आंबेगावच्या जमिनीवर उभे राहून विचारायला कारण आहे. दूरचा आवाज पकडण्याचे काम या भागात फार आधीपासून चालते. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली विक्रम भू-केंद्र सुरू झाले आणि देशाचे परदेशांशी होणारे बोलणे उपग्रहामार्फत तिथून जाऊ लागले. जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना उभ्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनला आपल्याला कोणी ऐकते आहे याचा पत्ता नसतो आणि ऐकले गेल्याने त्याच्यात तिळभर फरक पडत नाही. तिथे रेकॉर्डिंग जितके जास्त आणि जितके बारकाईने, तितके ज्ञान वाढते. माणसाचे बोलणे मात्र ऐकणाऱ्याकडे पाहून घडते. आईशी, साहेबाशी आणि अनोळखी माणसाशी एकच माणूस तीन तऱ्हांनी बोलतो, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. तो प्रत्येकाशी नाते धरून बोलत असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काम करणारे कितीतरी जण गावाकडच्या घरी परतले आणि कचेरी पडद्यावर आली. झूमच्या आकड्यांनुसार डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्या मीटिंगांत दिवसाला एक कोटी सहभागी असत, ते एप्रिल २०२० मध्ये तीस कोटींवर गेले. इतकी माणसे एकदम अशा सभेत येऊन बसली जिची सीमा कोणाच्याच नजरेत मावत नव्हती. कचेरीतल्या खोलीचे दार लावले की आत कोण आहे ते कळत असे. पडद्यावरच्या सभेला दार आहे, पण भिंती नाहीत.

सीमा हा शब्द मी लेण्यांकडून घेतला आहे. जुन्नर शहराभोवती शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री आणि मानमोडीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. लेण्याद्रीच्या ज्या दालनात आज गिरिजात्मजाची पूजा होते तेही मुळात भिक्खूंचे विहार. अशा विहारांत राहणाऱ्या संघाचे जगणे विनयाच्या नियमांनी बांधलेले असे. निरनिराळ्या निकायांत, म्हणजे पंथांत, तपशील बदलत असले तरी पाली विनयात सभेविषयी जे सांगितले आहे ते आजच्या कोणत्याही सभाशास्त्रापेक्षा नेमके आहे. पंधरवड्याच्या उपोसथाला भिक्खूंनी एकत्र जमून पातिमोक्खाचे नियम म्हणायचे. त्याआधी सीमा ठरवायची, आणि तीही डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांनी: डोंगर, खडक, झाड, वाट, वारूळ, नदी. सीमेच्या आतल्या प्रत्येक भिक्खूने यायचे. आजारपणामुळे येता येत नसेल तर आपली संमती, जिला ‘छंद’ म्हणत, दुसऱ्या भिक्खूबरोबर पाठवायची. एकमेकांपासून हाताच्या अंतरावर बसायचे. ज्याला पूर्ण दीक्षा मिळालेली नाही त्याच्यासमोर पातिमोक्ख म्हणायचे नाही. संघाचा ठराव मोठ्याने मांडायचा, महत्त्वाच्या कामात तो तीनदा मांडायचा, आणि कोणी बोलले नाही तर ते मौन संमती म्हणून धरायचे. यातला प्रत्येक नियम दुसऱ्यावर टेकलेला आहे. मौनाला संमतीचे वजन येते, कारण कोण कोण ऐकते आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि ज्याला बोलायचे होते त्याला बोलायला भीती नव्हती. सीमा मोडली की मौनाचा अर्थही मोडतो. रेकॉर्डिंग चालू असलेल्या मीटिंगमध्ये गप्प बसलेल्या माणसाचे मौन संमतीचे आहे, धसक्याचे आहे की ‘हे पुढे कोणाच्या हातात पडेल’ या हिशेबाचे आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि रेकॉर्डिंग चोरून चालू असेल तर सगळ्यांनी दिलेली संमतीच फसवून घेतलेली ठरते, कारण ज्या सभेत आपण बसलो आहोत असे त्यांना वाटत होते ती सभा भरलीच नव्हती.

या लेण्यांत लिहून ठेवले नाही असे नाही. पुष्कळ लिहिले आहे, आणि काय लिहिले हे पाहण्यासारखे आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले, त्याचा लेख आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. इरिल नावाच्या यवनाने टाकी दिली. क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाके दिले, त्यावर शेहेचाळिसावे वर्ष घातले आहे. नाणेघाटाच्या दालनात सातवाहन राणीच्या यज्ञांची आणि दक्षिणांची यादी गायी, हत्ती, घोडे, कार्षापण अशी आकड्यांनिशी कोरलेली आहे. तिथेच राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेले होते. आज पुतळे गेले, पायांचे अवशेष राहिले आणि वरची नावे वाचता येतात. दगडावर गेले ते दान, नाव, रक्कम आणि वर्ष, म्हणजे ज्याचे कोणीतरी पुढे देणे लागते ते. श्रेणीने ठेव स्वीकारताना तिच्या सभासदांत काय वाद झाला, कोण नाराज होता, कोणी आधी नकार देऊन मग होकार दिला, यातले काही नाही. यावर कोणी म्हणेल की दगड कोरणे महाग, म्हणून त्यांनी मोजकेच लिहिले. आता साठवण स्वस्त आहे, तर सगळेच का ठेवू नये? हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही. ज्या संघाने आपले प्रचंड वाङ्मय पिढ्यानुपिढ्या तोंडपाठ करून जपले त्याला उपोसथातली कबुली आणि चर्चा लक्षात ठेवणे अवघड नव्हते. जपण्याची ताकद असूनही त्यांनी नियम जपले आणि कोणी काय कबूल केले ते विरू दिले. खर्चामुळे दगडापुढे उभे राहणाऱ्याला ‘यातले ठेवण्याजोगे काय’ हा प्रश्न टाळता येत नसे. खर्च नाहीसा झाला म्हणून प्रश्न नाहीसा झालेला नाही. तो आता आपण मुद्दाम विचारावा लागतो एवढेच.

याहून खोल आक्षेप असा, की रेकॉर्डिंगला श्रोता म्हणणेच चूक आहे. यंत्राला कान नाहीत, मत नाही, राग-लोभ नाही. ते कोणाची बाजू घेत नाही, म्हणून त्याच्याइतका चोख साक्षीदार दुसरा नाही. हा युक्तिवाद मोहात पाडतो, कारण आपल्या परंपरेत साक्षी या शब्दाला असाच निर्लेपपणा चिकटलेला आहे. अद्वैतातला साक्षी पाहतो पण गुंतत नाही. मात्र पाणिनीने हा शब्द साक्षात पाहणाऱ्यासाठी म्हणून सिद्ध केला आहे, आणि वेदान्तातल्या साक्षीचा निर्लेपपणा हा चैतन्याचा निर्लेपपणा आहे. फाइलीत निर्लेपपणा तेवढा आहे, पाहणारा कोणी नाही. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले ते आप्ताचा शब्द म्हणून. आप्त कोण, तर ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी पाहिली तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू केले. जात-पंथ आड आला नाही, पण जाणणे आणि सांगण्याची इच्छा या दोन अटी सुटल्या नाहीत. त्याच दर्शनाने स्मृतीला प्रमेच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या, बाहेर ठेवले, कारण ती आधीच्या अनुभवाची पुनरावृत्ती असते आणि तिचा खरेपणा त्या अनुभवावर अवलंबून असतो. रेकॉर्डिंगची जागा तिथेच कुठेतरी आहे. ते आप्त नाही, फार तर अचूक स्मृती आहे. आळे गावात ज्या रेड्याची समाधी आहे त्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पैठणला त्याच्या तोंडून वेद उमटले. ऋचा बिनचूक होत्या. पण तिथली विद्वान मंडळी नमली ती ज्ञानदेवांपुढे, कारण त्या शब्दांच्या मागे हात ठेवून ते स्वतः उभे होते. रेकॉर्डिंगमधल्या शब्दांच्या मागेही असेच कोणीतरी उभे राहावे लागते: हे मी ऐकले, मी तिथे होतो, यात मी काही कापलेले नाही. आजचा कायदाही तेच मागतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात येताना तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलीचे हॅश मूल्य लिहावे लागते आणि त्यावर माणसाने सही करावी लागते. हॅश फाइलीत फेरफार झाला नाही हे सांगतो. सही करणारा माणूस त्याची जबाबदारी घेतो.

फाइल साक्षीदार नसेल, तर ती सभेत काय करते? ती अशा लोकांसाठी जागा धरून ठेवते जे अजून आलेले नाहीत. उद्याचा वरिष्ठ, दोन वर्षांनी भांडणारा सहकारी, कंपनी विकत घेणारा मालक, शब्दांचे मसुदे बनवणारी प्रणाली, हे सगळे आजच्या सभेत बसलेले असतात आणि त्यांना कोणी पाहू शकत नाही. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?’ असे विचारले जाते ते याच टप्प्यावर. या प्रश्नात बोलणे म्हणजे काय याची समजूत फार उथळ आहे. सभेत माणूस पुष्कळदा विचार करत करत बोलतो, उलट बाजू मांडून पाहतो, स्वतःला पटत नसलेलेही जोरात सांगतो, कारण त्यावाचून उत्तर सापडत नाही. आपल्या शास्त्रकारांनी याची पद्धतच केली होती. पूर्वपक्ष जितका जोरकस मांडता येईल तितका मांडायचा आणि मग सिद्धान्ताकडे यायचे. माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह चार्वाकापासून सुरू होतो, आणि ते प्रकरण इतके ताकदीने लिहिले आहे की चार्वाकांविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले बरेचसे तिथूनच मिळते. कोणी त्या ग्रंथाचे फक्त पहिले प्रकरण कापून पुढे पाठवले तर माधवाचार्य नास्तिक ठरतील, आणि पुरावा म्हणून त्यांचेच शब्द दाखवता येतील. शंकराचार्यांच्या भाष्यातली पाने अशी कापली तर अद्वैताचा सगळ्यांत कडवा विरोधक शंकराचार्यच निघतील. ग्रंथाला निदान पुठ्ठे असतात, पूर्वपक्ष कुठे संपला हे सांगणारी वाक्ये असतात. मीटिंगच्या चाळीस सेकंदांच्या तुकड्याला ते काही नसते. म्हणून ज्याच्याकडे लपवण्यासारखे खरोखर काही नाही अशा माणसालाच सगळ्यांत जास्त नुकसान पोचते. लबाड माणूस रेकॉर्डिंग असो-नसो, मोजूनमापूनच बोलतो. मोकळेपणाने पूर्वपक्ष मांडणारा, शंका विचारणारा, ‘मला हे समजले नाही’ म्हणणारा नवखा, हे लोक लाल ठिपका पाहून आधी गप्प होतात, आणि मग सभेला निर्णय उरतो पण विचार उरत नाही.

माझ्या म्हणण्याला सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र हा नाही. तो दुबळ्यांच्या बाजूने येतो आणि त्याच्यापुढे मान झुकवूनच उत्तर द्यायला हवे. सीमा, मोकळेपणा, परस्पर विश्वास ही भाषा ज्यांच्या हातात लेखणी आहे त्यांना परवडते. ज्याचे शब्द इतिवृत्तात कधी येतच नाहीत त्याने काय करायचे? आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथल्या ग्रामसभेला मोठा अधिकार दिला. वनहक्काच्या दाव्यांची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, आणि २०१२ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे या कामासाठी निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया लागतात. पण सभेत काय ठरले हे शेवटी इतिवृत्त सांगते. सही किंवा अंगठा आधी आणि मजकूर नंतर, असे जिथे होते तिथे सगळी गणपूर्ती कागदावर राहते. घोड नदीवर डिंभे धरण झाले, जुने आंबेगाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याला त्याचे नाव तेवढे उरले. अशा प्रदेशात ‘सभेत काय सांगितले होते’ हा प्रश्न जमिनीचा आणि पोटाचा असतो. तिथे कोणी मोबाइल उंच धरून सभा टिपत असेल तर त्याला मी सीमेचे तत्त्वज्ञान ऐकवणार नाही. मुळात ग्रामसभा ही उघड सभा आहे. तिची सीमा सगळा गाव आहे, आणि गावाला जे ऐकायचा हक्क आहे ते टिपल्याने कोणाचा विश्वासघात होत नाही. कचेरीतल्या एखाद्या बाईला वरिष्ठ माणूस ऑनलाइन भेटीत धमकावत असेल किंवा घाणेरडे बोलत असेल, आणि तिने पडद्याचे रेकॉर्डिंग न सांगता चालू केले, तर तिथेही मी तिच्या बाजूला उभा आहे. त्या भेटीची सीमा आधीच मोडली गेली आहे, आणि ती मोडणारा तो आहे. सीमा ही आतल्या माणसांच्या मोकळेपणासाठी असते. आतल्या एकाला दुसऱ्याच्या तावडीत देण्यासाठी ती वापरली की तिचा मान राखायचे कारण उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात फोनवरच्या संभाषणाची टेप लाचखोरीच्या खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरली, आणि त्यात संभाषणातल्या एका बाजूची संमती होती.

तरी या सवलतीला एक अट आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. अन्यायाविरुद्ध टिपणाऱ्याने पुढे येऊन आपल्या नावानिशी साक्षीदार व्हायचे असते. फाइल निनावी सोडून देऊन बाजूला होणे ही साक्ष नाही. मराठेशाहीतली गोतसभा यासाठी आठवावी. वतनाचा तंटा गोतापुढे आला की दोन्ही बाजू ऐकून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई, आणि त्यात हजर असलेल्यांची नावे येत. ज्यांना लिहिता येत नसे तेही त्यावर आपली निशाणी करत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा-दोर. निशाणी करणारा लिपी वाचू शकत नव्हता हे खरे, आणि लिहिणाऱ्याच्या हाती सत्ता होती हेही खरे. त्या व्यवस्थेचे कौतुक करताना तिच्यातली उतरंड विसरता येणार नाही. पण त्या कागदाची ताकद त्याच्या अचूकपणात नव्हती. हे माझ्यासमोर झाले असे म्हणणारी माणसे त्याच गावात राहत होती आणि त्यांना विचारता येत होते, यात ती होती. आंबेगावच्या आदिवासी वाडीला इतिवृत्तात न्याय हवा असेल तर तासाभराची फाइल हा त्याचा निम्माच उपाय आहे. उरलेला निम्मा म्हणजे सभा संपण्याआधी ठराव मोठ्याने, लोकांच्या बोलीत, वाचून दाखवणे आणि मग सही घेणे. ऑगस्ट २०२५ मध्ये पंचायती राज मंत्रालयाने ‘सभासार’ ही प्रणाली आणली. ग्रामसभेच्या ध्वनी किंवा चित्रफितीवरून ती इतिवृत्ताचा मसुदा तयार करते. मसुदा म्हणून तिचा उपयोग होऊ शकेल. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या बोलीतले बोलणे, मध्येच तोडलेले वाक्य, आजीबाईने नुसती मान हलवून नोंदवलेला विरोध, हे त्या मसुद्यात नीट आले की नाही हे फक्त तिथे बसलेली माणसे सांगू शकतात. म्हणून मसुदा यंत्राने केला तर वाचून दाखवण्याची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

कचेऱ्यांकडून वेगळेच उत्तर येते: नोकरीवर घेतानाच करार झाला आहे, कंपनीच्या लॅपटॉपवर जे घडते ते कंपनीचे, वेगळी संमती कशाला? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्वक आणि बिनशर्त असावी असे म्हटले. त्याच कायद्याने नोकरीच्या कामासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी लागणारा डेटा संमतीवाचून वापरण्याची मुभाही ठेवली. म्हणजे कायद्याने मालकाला बरीच मोकळी वाट दिली आहे. पण कायदा जिथे थांबतो तिथून धर्माचा विचार सुरू होतो असे मी मानतो. नाही म्हणण्याची सोय नसेल तर होकाराला अर्थ नसतो. ‘मीटिंग रेकॉर्ड करतोय हं, चालेल ना?’ असे विचारून कोणी उत्तर द्यायच्या आत बटण दाबले जाते, तेव्हा विचारणारा सभेला विचारत नसतो, कळवत असतो. विनयातला ठराव तीनदा मांडायचा नियम अशा वेळी फार शहाणपणाचा वाटतो. पहिल्यांदा कानावर पडते, दुसऱ्यांदा समजते, तिसऱ्यांदा बोलायचे धैर्य येते. विचारायचे तर रेकॉर्डिंग कशासाठी, कोणाकडे राहणार, किती दिवसांनी पुसणार, हेही सांगून विचारावे. एक जरी ‘नको’ म्हणाला तरी यंत्र बंद राहावे, आणि त्याला कारण विचारू नये. ठराव, जबाबदारी कोणाची, तारीख कोणती, एवढे एखाद्याने लिहून घ्यावे आणि मीटिंग संपताना वाचून दाखवावे. धान्याच्या व्यापाऱ्यांनी दगडावर ठेवले ते एवढेच.

राहिला तो माणूस जो सभेत नव्हता, आणि त्याच्यासाठी रेकॉर्डिंग हवेच असे सगळ्यांत जास्त वेळा सांगितले जाते. कोणी आजारी असतो, कोणाच्या गावात त्या दिवशी वीज नसते, कोणाचे तान्हे मूल रडत असते. त्याला काय झाले हे पूर्ण कळावे ही इच्छा न्याय्य आहे, आणि फाइल पाठवली की आपले कर्तव्य संपले असे वाटण्याचा मोह त्याच इच्छेत दडलेला आहे. तासभराची फाइल त्याला पाठवली जाते, ती तो दीडपट वेगाने ऐकतो किंवा ऐकतही नाही, आणि सभेत न बोललेला त्याचा मुद्दा न बोललेलाच राहतो. उपोसथाच्या नियमांत गैरहजर भिक्खूचा विचार किती बारकाईने केला आहे हे पाहिले की मन स्तिमित होते. आपण निर्दोष आहोत हे त्याने दुसऱ्या भिक्खूबरोबर कळवायचे. तो निरोप घेऊन निघालेला भिक्खू वाटेतूनच निघून गेला किंवा वारला, तर निरोप पोचला असे धरायचे नाही. आजाऱ्याने तो पुन्हा दुसऱ्याबरोबर पाठवायचा. निरोप पाठवणे जमलेच नाही, तर आजाऱ्याला खाटेसकट किंवा आसनासकट उचलून सभेत आणायचे. आणि शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले की हलवल्याने त्याचे दुखणे बळावेल किंवा तो दगावेल, तर त्याला हलवायचे नाही. सगळ्या संघाने उठून त्याच्यापाशी जायचे आणि उपोसथ तिथे, त्याच्या खाटेशेजारी करायचा.